कामाने हात गेला, तर भरपाई कशी मागायची?

शिलाई मशीन, अ‍ॅसेंब्ली लाइनवरची स्क्रू-गन, पॅकिंगचं टेबल, डेटा एन्ट्रीचा कीबोर्ड. कामं वेगळी, पण हाताचं दुखणं सारखंच. एकच हालचाल शिफ्टमध्ये हजारो वेळा, तीही वर्षानुवर्षं केली की मनगट, अंगठा, कोपर किंवा खांदा हळूहळू साथ सोडतो. डॉक्टर याला ‘रिपिटिटिव्ह स्ट्रेन इंज्युरी’, थोडक्यात आरएसआय म्हणतात. आपण तिला ‘वारंवार ताणाची इजा’ म्हणू.

या इजेसाठी भरपाई मिळते का? मिळू शकते, पण वाट सरळ नाही. आपल्याकडचा भरपाईचा कायदा अपघातावर बेतलेला आहे. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक यंत्रावर इजा झाली असं त्याला सांगता यावं लागतं. ही इजा मात्र कुठल्याच एका दिवशी होत नाही. म्हणून अशा दाव्याचं भवितव्य पुष्कळदा वकील येण्याआधीच, दुखायला लागल्यापासूनच्या पहिल्या काही आठवड्यांत कोणते कागद तयार झाले त्यावर ठरून जातं. बहुतेक कामगार नेमका हाच काळ मलम चोळण्यात आणि वेदनाशामक गोळ्या घेण्यात घालवतात.

पहिली पायरी, दुखणं ओळखण्याची. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं, आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट व अनामिकेचा निम्मा भाग बधिर होतो, पण करंगळी सुटते. असं असेल तर ते बहुधा ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ असतं. मनगटातल्या हाडांच्या आणि पट्ट्याच्या चिंचोळ्या जागेतून एक नस तळहातात जाते. आजूबाजूचे स्नायुबंध सुजले की ती दाबली जाते. दुखणं अंगठ्याच्या मुळाशी असेल आणि अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वळवल्यावर कळ येत असेल, तर ते ‘डी क्वेर्व्हें’ असण्याचा संभव जास्त. यात अंगठ्याचे स्नायुबंध सुजलेले असतात. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं ‘टेनिस एल्बो’ म्हणून ओळखलं जातं. यातलं नेमकं नाव कागदावर येणं फार महत्त्वाचं आहे. ‘हातदुखी’ या शब्दावर कुठलाच दावा उभा राहत नाही.

म्हणून दुसरी पायरी डॉक्टरांची. आपण डॉक्टरांना काय सांगतो तेच केसपेपरवर उतरतं. ‘हात दुखतो’ एवढंच सांगितलं तर ‘हात दुखतो’ एवढंच लिहिलं जातं. त्यापेक्षा काम सविस्तर सांगावं: “मी आठ तास उभ्याने खोके बांधते, दर खोक्याला मनगट दोनदा पिळावं लागतं, सुट्टीच्या दिवशी दुखणं कमी होतं.” हे शेवटचं वाक्य विसरू नये. सुट्टीत कमी आणि कामावर जास्त, हा दुखण्याचा आणि कामाचा संबंध दाखवणारा सर्वांत साधा पुरावा आहे. डॉक्टरांनी आपला व्यवसाय आणि हे निरीक्षण केसपेपरवर लिहिलं आहे ना, हे दवाखान्याच्या बाहेर पडण्याआधी वाचून घ्यावं. राहिलं असेल तर तिथंच विनंती करावी. सहा महिन्यांनी मागून आणलेला दाखला आणि पहिल्या दिवशी सहज लिहिली गेलेली ओळ, यांत न्यायालय त्या ओळीला जास्त मान देतं.

कार्पल टनेलचा संशय असेल तर डॉक्टर ‘नर्व्ह कंडक्शन’ तपासणी सांगतात. यात त्वचेवर सौम्य विजेचे धक्के देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजतात. या तपासणीचा अहवाल आकड्यांत असतो, त्यामुळे ‘नाटक करते’ या आरोपाला तो उत्तर देतो. मूळ प्रत आपल्याजवळ ठेवून बाकी सगळीकडे झेरॉक्स द्यावी.

इथेच एक मोठा खड्डा आहे. कार्पल टनेल मधुमेहात, थायरॉइड कमी असताना, गरोदरपणात आणि संधिवातातही होतं. मालकाचा वकील हाच मुद्दा पहिला काढतो. म्हणून साखर आणि थायरॉइडची तपासणी आपणच आधी करून घ्यावी. काही निघालं नाही तर प्रश्नच मिटला. निघालं, तरी दावा लगेच बुडत नाही. १९५० च्या दशकात बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या मृत्यूच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने असं मानलं की माणसाला आधीपासून हृदयविकार असला, तरी कामाच्या ताणाने मृत्यूला हातभार लावला असेल तर भरपाई नाकारता येत नाही. ते प्रकरण हृदयविकाराचं होतं, हाताचं नव्हतं. पण ‘आजार आधीचाच होता’ एवढं म्हणून मालकाला सुटता येत नाही, हे तत्त्व आपल्यालाही उपयोगी आहे.

तिसरी पायरी, कंपनीला लेखी कळवण्याची. सुपरवायझरला तोंडी सांगितलं, त्याने “बघू” म्हटलं, आणि वर्षाने तो बदलून गेला, ही तक्रार औद्योगिक वसाहतींत सर्रास ऐकू येते. अर्ज साधा असावा, एका पानाचा. मजकूर साधारण असा: “मी पॅकिंग विभागात काम करते. गेल्या काही महिन्यांपासून उजव्या हाताच्या अंगठ्यात व बोटांत मुंग्या येतात, रात्री जाग येते. डॉक्टरांनी कार्पल टनेल असल्याचं सांगून मनगटाला विश्रांती द्यायला सांगितलं आहे. सोबत केसपेपरची प्रत जोडली आहे. मला तूर्त दुसरं काम द्यावं व या अर्जाची पोच द्यावी.” दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्यावा. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवावी. अर्जात राग नको, आरोपही नको. आपल्याला हवी आहे ती फक्त तारीख.

आपण ठेकेदारामार्फत कामावर असाल तर अर्जाच्या दोन प्रती करून एक ठेकेदाराला आणि एक मूळ कंपनीला द्यावी. ठेकेदाराचा माणूस मूळ कंपनीच्या कामात जखमी झाला तर भरपाईसाठी मूळ कंपनीलाही धरता येतं. ती मग ठेकेदाराकडून वसूल करील. ‘तू आमच्या रोलवर नाहीस’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये.

चौथी पायरी, दार कुठलं ते ठरवण्याची. पगाराची स्लिप काढावी आणि ईएसआयची कपात आहे का बघावं. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या बहुतेक आस्थापनांत, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही राज्य कामगार विमा योजना लागू असते. आपल्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कपात असेल तर आपलं दार ईएसआय. नसेल तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं. दोन्हीकडे एकाच इजेसाठी पैसे मागता येत नाहीत. ईएसआय लागू असेल तर भरपाई कायद्याचं दार बंद असतं.

हे दोन्ही जुने कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले गेले आहेत. कार्यालयात लोक अजून जुन्या नावांनीच बोलतात, म्हणून मीही तीच वापरतो. फॉर्मचे नंबर आणि रकमेच्या मर्यादा मात्र अर्ज भरण्याच्या दिवशी खिडकीवर विचारूनच भराव्यात.

आधी ईएसआयचं दार. इथे कामगार सहसा जी चूक करतात ती ही, की ‘कामामुळे झालं’ हे सिद्ध करण्याच्या नादात सहज मिळणारा लाभही सोडतात. ‘आजारपणाचा लाभ’ मिळवायला आजार कामामुळे झाला हे दाखवावं लागत नाही. ईएसआयच्या डॉक्टरांनी कामाला अपात्र ठरवल्याचा दाखला पुरतो. सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. मनगटाला पट्टा लावून विश्रांती घ्यायला आणि वेळ आलीच तर शस्त्रक्रियेनंतर बरं व्हायला हा काळ पुष्कळदा पुरतो. उपचारांचा खर्च वेगळा, तोही ईएसआयच्या दवाखान्यात आणि रुग्णालयात होतो.

अट मात्र हिशेबाची आहे. सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ धरला तर त्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्चचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. नवीन लागलेल्यांना म्हणून काही महिने थांबावं लागतं. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची पद्धत याच हिशेबाला मारक ठरते. तेव्हा आपली वर्गणी खरोखर भरली जाते का, हे ईएसआयच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने अधूनमधून बघत जावं. पगारातून कापलेले पैसे पुढे भरलेच गेले नाहीत, हे आजारी पडल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो.

रजेच्या काळात दुसरीकडे काम करू नये, घरी शिलाईसुद्धा घेऊ नये. आजारपणाचा लाभ घेत असताना कमाई केली तर लाभ परत द्यावा लागतो, आणि पुढच्या प्रत्येक दाव्यावर संशय येतो.

ईएसआयचा दुसरा लाभ ‘अपंगत्वा’चा. तात्पुरत्या अपंगत्वात मजुरीच्या ९० टक्के मिळतात आणि वर्गणीच्या दिवसांची अट नसते. कायमचं नुकसान राहिलं तर वैद्यकीय मंडळ कमाईची शक्ती किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात हयातभर रक्कम मिळते. समजा, रोजची मजुरी ६०० रुपये आहे. तिचे ९० टक्के म्हणजे ५४०. मंडळाने २० टक्के नुकसान ठरवलं तर रोजचे १०८ रुपये, म्हणजे महिन्याला तीन हजारांच्या वर, तेही आयुष्यभर. रक्कम मोठी वाटत नाही. पण हयातभराचा हिशेब मांडला की तिची किंमत कळते.

हा लाभ मिळवण्याच्या वाटेवर मात्र मुख्य अडचण उभी राहते, आणि ती भरपाई कायद्यातही तशीच आहे. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे. शिसं, पारा, आवाजाने येणारं बहिरेपण, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हे सगळे तीत आहेत. यादीतला आजार असेल तर कायदा त्याला अपघातच मानतो. हाताच्या वारंवार ताणाची इजा या यादीत नाही. आणि यादीबाहेरच्या आजाराला भरपाई केव्हा? तर तो कामावरच्या एखाद्या विशिष्ट अपघाती इजेमुळेच थेट झाला असेल तेव्हाच.

मला हे अन्यायाचं वाटतं, आणि तसं वाटायला आधार आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या सुधारित यादीत कार्पल टनेल, मनगटाच्या स्नायुबंधांची जुनाट सूज, कोपराचं दुखणं ही कामाच्या आजारांत नावानिशी नोंदलेली आहेत. ब्रिटनमध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताला येणारे पेटके भरपाईच्या यादीत आले ते १९०८ साली. आपल्या यादीत भर घालण्याची सोय कायद्यातच आहे. आधी राजपत्रात सूचना काढून सरकार नवा आजार जोडू शकतं. ही मागणी एकट्या कामगाराने करण्याची नाही, युनियनने करण्याची आहे. पण आपल्या युनियनला हे ठाऊक तरी आहे का, हे आपण विचारू शकतो.

तोवर व्यवहारात काय करता येतं? अशा दुखण्यातही पुष्कळदा एक खरा दिवस असतो. जाम झालेलं हँडल जोर लावून ओढताना मनगटात कळ गेली, जड क्रेट निसटताना अंगठा मागे वळला, आणि तिथून हात बिघडत गेला. असा दिवस असेल तर त्याच दिवशी अपघाताच्या वहीत नोंद करून घ्यावी आणि कंपनीकडून ईएसआयला अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, गेला का याचा पाठपुरावा करावा. नोंदीत वेळ, यंत्र, हालचाल आणि शेजारी कोण होतं हे यावं. ‘किरकोळ आहे, कशाला लिहितेस’ असं कोणी म्हणालं तरी लिहावं.

असा दिवस नसेल तर तो तयार करू नये. जुना केसपेपर ‘सहा महिन्यांपासून दुखतं’ म्हणत असतो आणि नवा अहवाल ‘काल दुखावलं’ म्हणतो. दोन्ही समोरासमोर आले की खरा असलेला भागही कोणी मानत नाही. खोटं निवेदन हा गुन्हाही ठरतो.

आता ईएसआय नसलेल्यांचं दार. भरपाई कायद्याखाली तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरा दिवसांनी मासिक पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण निम्मा पगार मिळतो. कायमच्या नुकसानीचा हिशेब असा: पगाराचे ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक, आणि त्यातले कमाईची शक्ती गेल्याचे टक्के. ४० वर्षांच्या माणसाचा गुणांक १८४.१७ आहे. हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरण्याची मर्यादा २०२० साली आली. तेव्हा ९,००० गुणिले १८४.१७ म्हणजे १६,५७,५३०, आणि २० टक्के नुकसान धरलं तर ३,३१,५०६ रुपये. उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने भरायचा असतो, म्हणून औषधांच्या बिलांपासून नर्व्ह कंडक्शनच्या पावतीपर्यंत सगळं एका फाइलमध्ये ठेवावं.

टक्के ठरवताना एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. इथे शरीराचं अपंगत्व मोजायचं नसतं, कमाईची शक्ती मोजायची असते. सर्वोच्च न्यायालयासमोर १९७५ साली एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने ते शंभर टक्के नुकसान मानलं. हाताला मुंग्या येणाऱ्या कामगाराला शंभर टक्के मिळणार नाहीत, हे उघड आहे. पण आपलं रोजचं काम नेमकं कोणतं, त्यात बोटांचं बळ किती लागतं आणि आता काय जमत नाही, हे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात यायला हवं. बाटलीचं झाकण उघडता न येणं आणि शिफ्टला लागणारी पकड न राहणं, यांत दाव्याच्या दृष्टीने दुसऱ्याला महत्त्व आहे.

दावा दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नये. महाराष्ट्रात हे दावे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आयुक्त म्हणून ऐकत आले आहेत. नव्या संहितेत त्या पदाला ‘सक्षम प्राधिकारी’ म्हटलं आहे. मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणी करायला बोलावलं तर नाही म्हणू नये. विनाकारण नकार दिला तर हक्क तेवढा काळ स्थगित होतो. जाताना आपले अहवाल बरोबर न्यावेत आणि तपासणी झाल्याची तारीख लिहून ठेवावी.

वकिलाच्या फीच्या भीतीने मागे राहण्याचं कारण नाही. औद्योगिक कामगाराला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे साध्या अर्जावर वकील मिळतो.

दावा दाखल झाला, किंवा होणार असं दिसलं, की कंपनीकडून तडजोडीची भाषा सुरू होते. ती वाईटच असते असं नाही. यादीत नसलेल्या इजेसाठी वर्षानुवर्षं भांडण्यापेक्षा बरी रक्कम आणि हलकं काम हा शहाणा मार्ग असू शकतो. पण कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या इंग्रजी मजकुरावर किंवा ‘फुल अँड फायनल’वर सही करू नये. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच ठरतो. आणि एकरकमी तडजोडीचा करार दावा ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो, म्हणजे रक्कम फारच कमी असेल तर तो नोंदणी नाकारू शकतो. एकरकमी रक्कम कामगार स्त्रीला द्यायची असेल तर ती तिच्या हातात न देता आधी त्याच प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते. ही तरतूद तिच्या संरक्षणासाठी आहे.

देणं लागू झाल्यापासून महिन्याभरात पैसे आले नाहीत तर १२ टक्के व्याज मागता येतं, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही. दोन्ही अर्जात न विसरता मागावं. निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करता येतं, पण फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. ईएसआयच्या वैद्यकीय मंडळाचे टक्के पटले नाहीत तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा ईएसआय न्यायालय हे पुढचे टप्पे आहेत.

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीतल्या टंकलेखकाला आणि डेटा एन्ट्री करणाऱ्याला आणखी एक आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही आणि पदावनतही करू शकत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरी जागा द्यावी लागते.

खासगी नोकरीत असा सरळ हक्क नाही. म्हणून कामावर परतताना ‘फिट’ एवढाच दाखला आणू नये. “मनगट वारंवार वळवण्याचं व कंप असलेल्या हत्याराचं काम तीन महिने देऊ नये,” असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावं आणि पुन्हा एकदा पोच घेऊन कंपनीला द्यावं. त्यानंतरही त्याच लाइनवर उभं केलं आणि हात परत बिघडला, तर मालकाला धोका लेखी कळलेला होता हे दाखवायला हाच कागद लागतो.